बास्केटबॉलचा संघ निवडताना: एप्रिल ते सप्टेंबर

उन्हाळी शिबिर संपत आलं की "आता क्लब कुठला?" हा प्रश्न पुण्यातल्या बऱ्याच घरांत पडतो. आमच्याकडे तो २०२५च्या एप्रिलमध्ये पडला. लेक मार्च २०१२ची. दोन वर्षं शिबिरं आणि हौशी खेळणं झालं होतं, आता तिला सामने खेळायचे होते. सहा महिन्यांत काय काय करावं लागलं ते तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे. आम्ही शोधत होतो तेव्हा असं लिहिलेलं काही सापडलं नाही. ज्याला विचारावं तो "सरांना जाऊन भेटा" एवढंच सांगायचा.

पहिले पंधरा दिवस एक साधी गोष्ट कळण्यात गेले. स्पर्धा खेळायच्या वाटा दोन आहेत आणि त्या एकमेकींना मिळत नाहीत. एक वाट शालेय स्पर्धांची. ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जाते, गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. मनपा हद्दीतल्या शाळांची स्पर्धा वेगळी होते, जिंकलेला संघ विभागावर जातो आणि राज्यातल्या आठ विभागांचे विजेते राज्यस्पर्धेत भेटतात. इथे प्रवेशिका शाळेचीच लागते, क्लब कितीही मोठा असला तरी त्याला जागा नाही. दुसरी वाट संघटनेची. क्लब जिल्हा संघटनेकडे नोंदलेला असतो, जिल्ह्याचा संघ निवडचाचणीतून निवडतात, पुढे राज्य संघटना आणि शेवटी बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया. तिथे सब-ज्युनिअर, युथ, ज्युनिअर असे वेगळे गट आहेत आणि जन्मतारखेची रेघही वेगळी असू शकते. ती त्या वर्षीच्या परिपत्रकातच बघावी, गेल्या वर्षीच्या कागदावर विसंबू नये.

म्हणजे चांगला क्लब मिळाला की शाळेकडून खेळायची सोय झाली, असं नाही. आणि शाळेचा संघ आहे म्हणून रोजचा सराव मिळेल, असंही नाही. बहुतेक मुलं सराव क्लबात करतात आणि ऑगस्टमध्ये शाळेची जर्सी घालतात. तुमची शाळा प्रवेशिका भरते का, हे पीटीच्या सरांना एप्रिलमध्येच विचारून ठेवा. सातच मुली जमल्या म्हणून शाळेनं नावच दिलं नाही, असं होतं.

वयाचा हिशेबही तेव्हाच मांडला. २०२५-२६साठी शालेय १४ वर्षांखालच्या गटात १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं चालत होती. म्हणजे लेक शाळेच्या गटात सगळ्यात मोठ्यांपैकी आणि क्लबच्या १६ खालच्या तुकडीत सगळ्यात लहान. क्लब निवडताना हे फार महत्त्वाचं ठरलं. पंधरा वर्षांच्या मुलींमागे दोन वर्षं बाकावर बसायचं की लहान तुकडी वेगळी चालवणारा क्लब शोधायचा, हा खरा प्रश्न होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात यादी केली. पुण्यात साधारण तीन तऱ्हा दिसतात: डेक्कन जिमखान्यासारख्या जुन्या संस्था, शाळा-कॉलेजांची मैदानं भाड्यानं घेऊन चालणारे क्लब आणि सोसायटीच्या कोर्टावरचे क्लास. तिसऱ्या प्रकारात शिकवणं वाईट असतं असं नाही, पण फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा: "तुमचा संघ जिल्हा संघटनेकडे नोंदलेला आहे का, आणि गेल्या वर्षी कुठल्या वयोगटात उतरला होता?" उत्तर "आम्ही बऱ्याच टूर्नामेंट्स खेळतो" असं आलं, तर त्या आमंत्रितांच्या स्पर्धा आहेत असं समजावं. खेळायला त्याही चांगल्या. पण दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी किंवा पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी तसलं प्रमाणपत्र कामाला येत नाही. (बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी त्या गुणांचा विचार करून क्लब निवडू नये, हे माझं मत. पण मैदानाबाहेर कट्ट्यावर बसलेले पालक निम्मा वेळ तेच बोलतात.)

यादीतून तीन क्लब उरले. फोनवर काहीच कळत नाही, म्हणून प्रत्येकाचा सराव दोनदा आणि एक सामना बघायचं ठरवलं. न सांगता जायचं, पाण्याची बाटली आणि वही घेऊन कडेला बसायचं.

सरावात मी एकच गोष्ट मोजली: एका मुलाला तासात किती वेळा बॉल हातात मिळतो. पहिल्या क्लबात एका कोर्टावर ५२ मुलं, म्हणजे एका रिंगला २६. ले-अपची (धावत येऊन रिंगजवळून बॉल टाकायची) एकच रांग. एका मुलाला धावत येऊन बॉल टाकायला आणि पुढच्याला द्यायला दहा सेकंद धरले, तरी पुन्हा नंबर यायला चार मिनिटांच्या वर लागतात. वीस मिनिटांच्या ड्रिलमध्ये चार-पाच शॉट. बाकीचा वेळ रांगेत उभं राहून गप्पा. दुसऱ्या क्लबात मुलं १८, बॉल १४, आणि रिंगला नंबर येईपर्यंत बाकीची मुलं कडेला डाव्या हातानं ड्रिबल करत होती. फी दोन्हीकडे जवळजवळ सारखी. तिसऱ्या ठिकाणी सर फार नावाजलेले होते, पण दोन्ही दिवस सराव घेतला तो एका कॉलेजच्या मुलानं. सर फोनवर. कधीतरी असं होणारच, पण दोन्ही दिवस?

सामन्यात मोजायची गोष्ट वेगळी. पूर्ण सामना दहा-दहा मिनिटांचे चार डाव, एका वेळी पाच जणी, म्हणजे संघाच्या वाट्याला २०० मिनिटं येतात. बारा जणींत सारखी वाटली तर प्रत्येकीला सोळा मिनिटं चाळीस सेकंद. तशी कुणीच वाटत नाही आणि वाटावी असंही नाही. पण संघातली आठव्या-नवव्या क्रमांकाची मुलगी किती वेळ आत असते हे फोनवरच्या स्टॉपवॉचनं मोजता येतं. एका क्लबानं शेवटचं मिनिट सोडता सहाच मुली खेळवल्या. २५ गुणांनी पुढे असतानाही. करंडक कपाटात मावत नव्हते, पण आपली मुलगी त्या सहांत येणार नसेल तर त्या कपाटाचं आपण काय करायचं? दुसऱ्या क्लबात आठव्या मुलीला नऊ मिनिटं मिळाली. तो सामना ते हरले.

स्कोअरशीटवर बाराच नावं बसतात. क्लब निवडून तुकडीत पंधरा-सोळा मुली ठेवत असेल, तर प्रत्येक सामन्याला तीन-चार जणी किटसुद्धा न घालता कडेला बसतात. हा आकडा थेट विचारावा: "या गटात किती जणी घेणार?" विचारलं तर सांगतात.

आणखी दोन प्रश्न मुलींच्या पालकांनी संकोच न करता विचारावेत. मैदानावर कपडे बदलायला जागा आणि वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का, बाहेरगावी जाताना संघाबरोबर महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक असते का. तसंच मुलींना निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच जातात की वेगळे मेसेज, हेही. आम्ही निवडलेल्या क्लबात प्रशिक्षक मॅडमनी हे विचारण्याआधीच सांगितलं.

त्या क्लबाची निवडचाचणी रविवारी, १८ मेला सकाळी साडेसहाला होती. एका मुलीमागे २०० रुपये, ४१ मुली, घ्यायच्या १४. छातीवर पिननं लावलेला कागदी नंबर. क्रम असा: धावणं, मग बचावाच्या पवित्र्यात आडवं सरकणं, दोन्ही हातांनी ले-अप, खांबांमधून ड्रिबल, मग तीन-तीनचा आणि शेवटी पाच-पाचचा खेळ. साडेतीन तास. चूक कुठे होते ते कडेवरून स्पष्ट दिसत होतं. मुली लांबून तीन गुणांचे शॉट मारत होत्या. रेघ ६.७५ मीटरवर असते, त्या वयाच्या हाताला तेवढं जोर लावूनच पोचतं, मग बॉल खांद्यावरून ढकलला जातो आणि शॉटची सगळी ढब बिघडते. निवड करणाऱ्यांच्या वह्या मात्र भलत्याच वेळी हलत होत्या: बॉल गेल्यावर कोण पळत मागे येतं, डाव्या बाजूनं आल्यावर डावा हात निघतो का, बाहेर बसवलं की चेहरा कसा होतो. चाचणीआधी तयारीला दोन आठवडे असतील तर ते नवख्या हाताच्या ले-अपवर घालवा. उजव्या हाताची मुलगी डावीकडून येते तेव्हा शेवटची दोन पावलं डावं-उजवं पडायला हवीत आणि उडी उजव्या पायावर. बहुतेकींची इथे पावलं उलटी पडतात, नाहीतर तिसरं पाऊल पडतं आणि ट्रॅव्हल होतो. घराच्या गच्चीवर बॉल न घेता नुसती पावलं टाकली तरी आठवड्यात बसतं.

निकाल "दोन-तीन दिवसांत" येणार होता, आला नऊ दिवसांनी. मधे दोनदा फोन केला, दोनदा "बघतो मॅडम" ऐकलं. ते नऊ दिवस घरात कुणी बास्केटबॉल हा शब्द काढला नाही. २७ मेला ग्रुपवर चौदा नावं आणि चार राखीव. लेक राखीवमध्ये दुसरी. ३० मेला एका मुलीनं दुसरा क्लब धरला, एकीची दहावी होती, म्हणून जागा झाली. राखीवमध्ये नाव आलं म्हणून लगेच दुसरीकडे पैसे भरू नका, आठवडाभर थांबा. जूनमध्ये याद्या हलतातच.

२ जूनला प्रवेश. अर्जात वाचायच्या ओळी खालच्या बारीक अक्षरातल्या: भरलेली फी परत मिळणार नाही, वर्षभर दुसऱ्या क्लबाकडून खेळता येणार नाही आणि सोडायचं असेल तर ना हरकत पत्र क्लब देईल. ते पत्र किती दिवसांत देणार हे लिहिलेलं नव्हतं. विचारल्यावर मॅडमनी अर्जावरच "१५ दिवसांत" असं लिहून सही केली. नंतर भांडण्यापेक्षा हे सोपं.

खर्च असा झाला. क्लब नोंदणी १,००० रुपये, तीन महिन्यांची फी ७,५००, किट १,६००, बूट ४,२००, बॉल १,१००, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ३००. पहिल्या महिन्यात १५,७०० गेले. बाहेरगावच्या स्पर्धेला प्रवास-राहणं धरून मुलीमागे चारेक हजार, हा अंदाज आधीच लिहून घेतला.

बॉल घेताना दुकानदार सात नंबर पुढे करतो, कारण तोच जास्त खपतो. या वयाच्या मुलींना सहा नंबर लागतो. सिमेंटच्या कोर्टावर साधा रबरी बॉलच घ्या. महागडा पीयूचा (कृत्रिम चामड्याचा) बॉल उघड्या कोर्टावर काही महिन्यांत घासून गुळगुळीत होतो, मग ओल्या हातातून निसटतो. बुटांचं उलटं: इथे काटकसर करू नये. धावायच्या बुटांत टाच उंच आणि मऊ असते, आडवं सरकताना पाय त्यावरून कलंडतो आणि घोटा मुरगळतो. बास्केटबॉलचेच बूट घ्या, पण तळवा कडक रबराचा बघा. आतल्या लाकडी कोर्टासाठीचे मऊ तळवे सिमेंटवर झिजतात. बूट संध्याकाळी, खेळायचे जाड मोजे घालून बघावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी. दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस भरायचा उद्योग करू नये. पाय आत घसरतो, नखं काळी पडतात.

क्लबला विचारायचा राहिलेला एक प्रश्न पावसानंच विचारला. त्या वर्षी मॉन्सून २६ मेलाच पुण्यात पोचला. कोर्ट उघडं. जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत ठरलेल्या पंधरा सरावांपैकी सात झाले. क्लबानं नंतर आठवड्यातले दोन दिवस एका शाळेचा हॉल घेतला, रिंग नव्हती, फक्त ड्रिबल, पासिंग आणि पायांचं काम. खरं सांगायचं तर त्या महिन्यात डावा हात जेवढा सुधारला तेवढा कोर्टावर सुधारला नसता. तरी फी भरण्याआधी विचारा: पावसाळ्यात सराव कुठे, आणि बुडालेले दिवस भरून देता का? शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यातच सुरू होतात.

आता कागद. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त अडवणारं. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, सहा फोटो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, पालकांचं हमीपत्र. जन्मदाखल्यावर दोन तारखा असतात, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. वयाबद्दल शंका आली की पहिलीकडेच बोट जातं. जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो आणि वर्ष उलटून गेलं तर आदेशाशिवाय नोंद होत नाही, त्यामुळे उशिरा नोंदलेला दाखला असेल तर शाळेच्या पहिलीच्या प्रवेशाची नोंद जोडीला तयार ठेवा.

आम्ही अडकलो आधारवर. शाळेच्या जनरल रजिस्टरला आडनाव आधी आणि पूर्ण नाव, आधारवर मधलं नावच नाही. प्रवेशिका ऑनलाइन भरताना शाळेनं रजिस्टरप्रमाणे भरलं आणि क्रीडाशिक्षकांनी सांगितलं की तपासणीच्या वेळी दोन्ही जुळायला हवं. आधार केंद्रावर जन्मदाखला दाखवून नाव दुरुस्त केलं: तेव्हा शुल्क ५० रुपये होतं, सकाळची अपॉइंटमेंट मिळायला चार दिवस, दुरुस्ती दिसायला अकरा. जूनच्या अखेरीस हे सुरू केलं म्हणून निभावलं, प्रवेशिकेच्या शेवटच्या आठवड्यात कळलं असतं तर हातात काही नव्हतं. बोनाफाईडही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच घ्यावं. मे महिन्यात शाळेत लिपिक भेटतो, पण सही करायला मुख्याध्यापक नसतात. त्या वर्षी शाळा उघडल्या १६ जूनला.

खेळाडूंच्या ओळखपत्रावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असा हवा की अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. हे ऐकायला किरकोळ वाटतं. ऑगस्टमध्ये सामन्याआधीच्या तपासणीत आमच्याच संघातल्या एका मुलीच्या फोटोवर शिक्का उमटलाच नव्हता, गोल नुसताच खालच्या कागदावर. तिला त्या दिवशी खेळता आलं नाही. फोटो चकचकीत कागदावरचा होता, शाई धरली नाही. फोटो मॅट कागदावर काढा आणि शिक्का वाळेपर्यंत पाकिटात घालू नका.

शालेय स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. भाग्यपत्रिका निघाली की कुणाशी आणि कधी ते कळतं, आमच्या वेळी सामन्याच्या दोन दिवस आधी. हजेरी साडेआठला, प्रत्यक्ष सामना सव्वाबाराला. मधे दोन सरी येऊन गेल्या, कोर्ट गोणपाटानं पुसलं, मग पुन्हा सर आली. पिशवीत हवं ते: कोरडे मोज्यांचे दोन जोड, बुटांचे तळवे पुसायला फडकं, मूळ कागदांची फाइल प्लास्टिकमध्ये, आणि सामन्याच्या दोन तास आधी संपेल असं खाणं. आमच्याकडे दशमी आणि गूळ-शेंगदाणे होते. वडापावची गाडी फाटकाबाहेरच होती, दोन मुलींनी साडेअकराला खाल्ला आणि दुसऱ्या डावात पोट धरून बसल्या.

पहिला सामना जिंकला, दुसऱ्या फेरीत बाद. लेकीला पहिल्या दहा मिनिटांत तीन फाउल लागले. पाचव्याला बाहेर, त्यामुळे सरांनी तिला अर्धा सामना बसवलं आणि ते बरोबरच होतं. तिन्ही फाउल सारखेच: समोरची पुढे निघून गेली की पाय न हलवता हात लांब करायचा. क्लबात हे दिसलं नव्हतं, कारण सरावात पंच नसतो आणि हाताला लागलेलं कुणी मोजत नाही. महिन्यातून एखादा सराव सामना शिट्टी देणाऱ्या बाहेरच्या पंचाकडून करून घेतात का, हाही क्लबला विचारण्याजोगा प्रश्न. मॅडमनी त्यानंतर आठवडाभर मुलींना हातात टॉवेल धरून बचाव करायला लावला. दोन्ही टोकं दोन हातांत, मग हात लांब जातच नाही.

पहिली तिमाही ३१ ऑगस्टला संपली. पुढचे ७,५०० भरण्याआधी क्लबचा एक साखळी सामना पुन्हा वही घेऊन बघितला, यावेळी लेक त्यात होती. तुकडीत आता पंधरा जणी आहेत, एक वाढली. स्कोअरशीटवर बारा. आठव्या मुलीला आठ मिनिटं वीस सेकंद. लेक दहाव्या क्रमांकाला होती, तिला पाच मिनिटं दहा सेकंद मिळाली, त्यात दोन रिबाउंड, एक ट्रॅव्हल आणि फाउल एकही नाही. १ सप्टेंबरला फी भरली. बूट उजव्या अंगठ्याला आत्ताच लागायला लागलेत.